दप्तराचा धुरा : संगणकातील साठवण-विभागांची फेरमांडणी

नागपूर जिल्ह्यातील काटोल अथवा नरखेड तालुक्यातील संत्रा बागाईतदारास पीक कर्जासाठी सातबाराचा उतारा लागतो. पूर्वी त्यासाठी तलाठ्याच्या दप्तराकडे जाण्याशिवाय गत्यंतर नसे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये ठेवले जाणारे हे गाव-अभिलेख आता संगणकावर आले असून, १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध करून देण्यास राज्यात प्रारंभ झाला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या सहा जिल्ह्यांचे उतारे महाभूलेख संकेतस्थळावर नागपूर महसूल विभागाखाली पाहावयास मिळतात.

दप्तर कपाटातून संगणकात गेले. परंतु जागेचा प्रश्न त्यामुळे संपला नाही, त्याचे केवळ स्वरूप बदलले. खरेदी, वारसा, वाटणी, कर्जाचा बोजा यांमुळे फेरफार नोंदवहीत दररोज भर पडत असते. जुन्या कागदांच्या छायाप्रती तर फारच जागा व्यापतात. ही वाढती जागा सर्व्हरवर कशी उपलब्ध करून देतात आणि ते करताना कोणती दक्षता घ्यावी लागते, याची माहिती केवळ तंत्रज्ञांनाच नव्हे, तर दप्तराची जबाबदारी वाहणाऱ्या प्रत्येकास असणे अगत्याचे आहे.

जागा संपली म्हणजे काय होते?

युनिक्स ही संगणक-प्रणाली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये विकसित करण्यास आरंभ केला. तिच्याच धर्तीवर लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा पाया घातला. जगातील फार मोठ्या संख्येने सर्व्हर आज याच कुळातील प्रणालींवर चालतात.

अशा सर्व्हरवरील माहितीचा विभाग पूर्ण भरला, तर जुनी माहिती सहसा वाचता येते; परंतु नवी नोंद लिहिता येत नाही. उतारा दिसतो, पण फेरफार होत नाही. मागाहून केलेली नोंद अर्धवट राहण्याचाही धोका असतो. म्हणून विभाग काठोकाठ भरेपर्यंत वाट न पाहता, तो ऐंशी टक्क्यांच्या आसपास भरताच हालचाल सुरू करणे इष्ट होय. कोणता विभाग किती भरला आहे, हे ‘डीएफ’ या साध्या आज्ञेने पाहता येते.

तीन थरांची रचना

पूर्वी एका डिस्कचे ठरावीक तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावर माहिती ठेवीत. एक तुकडा भरला आणि शेजारचा रिकामा असला, तरी त्या रिकाम्या जागेचा उपयोग सहजासहजी करता येत नसे. ही अडचण दूर करण्यासाठी डिस्क आणि माहिती यांच्यामध्ये आणखी एक थर घालण्यात आला. त्यास ‘लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर’, संक्षेपाने एलव्हीएम, असे म्हणतात. लिनक्ससाठी ही व्यवस्था हाइन्झ माउएल्सहागेन यांनी १९९८ मध्ये तयार केली. एचपी-यूएक्स या युनिक्स प्रणालीतील तशाच व्यवस्थेचा आदर्श त्यांनी समोर ठेवला होता.

शेतजमिनीच्या उदाहरणाने ही रचना चटकन ध्यानात येईल. निरनिराळ्या डिस्क म्हणजे निरनिराळे गट. त्या सर्वांचे मिळून एक सामाईक क्षेत्र केले जाते. तो झाला व्हॉल्यूम-समूह. या सामाईक क्षेत्रातून गरजेप्रमाणे हिस्से पाडतात. ते लॉजिकल व्हॉल्यूम. प्रत्येक हिश्श्यात जी प्रत्यक्ष लागवड होते, ती फाईल सिस्टीम. सामाईक क्षेत्राची मोजणी लहान, समान तुकड्यांत होते. असा एक तुकडा सामान्यतः ४ मेगाबाइटचा असतो. म्हणजेच १ गिगाबाइटमध्ये २५६ तुकडे बसतात आणि १०० गिगाबाइटच्या हिश्श्यात २५,६०० तुकडे मावतात.

हिस्सा वाढविणे

समजा, अभिलेखांचा हिस्सा ४०० गिगाबाइटचा असून त्यापैकी ३७० गिगाबाइट भरले आहेत. सामाईक क्षेत्रात जागा शिल्लक नसल्यास प्रथम नवी डिस्क बसवितात व ‘पीव्हीक्रिएट’ आज्ञेने तिची नोंद करतात. ‘व्हीजीएक्स्टेंड’ने ती समूहात सामील होते आणि ‘एलव्हीएक्स्टेंड’ने हिस्सा ५०० गिगाबाइटचा होतो. येथे अनेकांची समजूत होते, की काम संपले. वास्तविक एवढ्याने धुरा पुढे सरकलेला असतो; नव्या जमिनीवर पेरणी व्हावयाची असते. फाईल सिस्टीमही वाढविल्याखेरीज नवी जागा वापरता येत नाही. ईएक्सटी-४ व एक्सएफएस या दोन्ही प्रचलित फाईल सिस्टीम चालू कामकाजात वाढविता येतात. त्यासाठी सेवा बंद ठेवण्याची सहसा गरज पडत नाही.

हिस्सा कमी करणे

खरी कसोटी येथे लागते. वाढविताना आधी धुरा, मग पेरणी असा क्रम असतो. कमी करताना तो नेमका उलटा होतो. आधी पीक आत आवरून घ्यावयाचे, मगच धुरा मागे सरकवावयाचा. हा क्रम चुकला, तर उभे पीक धुऱ्यापलीकडे राहते. म्हणजेच माहिती हिश्श्याबाहेर पडते व फाईल सिस्टीम भंगते.

उदाहरणार्थ, ३०० गिगाबाइटचा व १२० गिगाबाइट भरलेला हिस्सा २०० वर आणावयाचा आहे. फाईल सिस्टीम ईएक्सटी-४ असल्यास प्रथम माहितीची पूर्ण प्रत काढावी, नंतर तो हिस्सा वापरातून काढून त्याची तपासणी करावी. मग फाईल सिस्टीम १९० गिगाबाइटपर्यंत आवळावी, त्यानंतर हिस्सा २०० वर आणावा आणि शेवटी फाईल सिस्टीम वाढवून ती दहा गिगाबाइटची मोकळी जागा भरून काढावी. हे दहा गिगाबाइट वाया जात नाहीत. मोजणीतील चुकीपासून ते संरक्षण देतात. एक्सएफएस मात्र नेहमीच्या व्यवहारात अशी लहान करता येत नाही. तेथे माहितीची प्रत काढून नवा, लहान हिस्सा तयार करणे व माहिती पुन्हा भरणे हाच मार्ग उरतो. म्हणून हिस्सा प्रथम पाडतानाच तो बेताचा ठेवावा आणि उरलेली जागा सामाईक क्षेत्रात राखून ठेवावी.

दोन गैरसमज

अधिक डिस्क म्हणजे अधिक सुरक्षितता, हा पहिला गैरसमज. एकच हिस्सा दोन डिस्कवर पसरला आणि माहितीची जोडप्रत ठेवलेली नसली, तर कोणतीही एक डिस्क बिघडताच संपूर्ण हिस्सा धोक्यात येतो. म्हणून विस्तारापूर्वी जोडप्रतीची व्यवस्था पाहावी. जुनी डिस्क काढावयाची झाल्यास ‘पीव्हीमूव्ह’ आज्ञेने तिच्यावरील माहिती चालू कामकाजात दुसऱ्या डिस्कवर हलविता येते.

दुसरा गैरसमज ‘स्नॅपशॉट’विषयी आहे. स्नॅपशॉट म्हणजे विशिष्ट क्षणी माहिती जशी होती, तशी दाखविणारी नोंद. ती उपयुक्त असली, तरी त्याच समूहात, त्याच डिस्कवर असते. समूह गेला की तीही जाते. खरी प्रत वेगळ्या यंत्रावर, शक्यतो वेगळ्या ठिकाणी असावी आणि ती परत भरून पाहिलेली असावी. न तपासलेली प्रत म्हणजे न मोजलेली जमीन होय.

अधिकाऱ्यांनी विचारावयाचे प्रश्न

आज्ञा देण्याचे काम तंत्रज्ञांचे आहे. परंतु मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याने काही प्रश्न अवश्य विचारावेत. पूर्ण प्रत कोणत्या दिवशी काढली व ती परत भरून कधी पाहिली? विभाग वाढवावयाचा आहे, की कमी करावयाचा? फाईल सिस्टीम कोणत्या प्रकारची आहे? सेवा किती काळ बंद राहील, आणि त्याची पूर्वसूचना तहसील व ग्रामपंचायतींना दिली आहे काय? पीक कर्जाच्या हंगामात हे काम पुढे ढकलता येईल काय? कामाच्या आधीची व नंतरची स्थिती लेखी नोंदविली जाईल काय?

गावात धुरा सरकवावयाचा, तर मोजणी होते, पंचनामा होतो, शेजाऱ्यांस नोटीस दिली जाते. संगणकातील धुरा डोळ्यांस दिसत नाही, म्हणून त्याबाबतीत कमी काळजी घेऊन भागणार नाही. त्याच्या आत शेतकऱ्याच्या हक्काचा कागद आहे. तो कागद ज्या दक्षतेने लोखंडी पेटीत जपला गेला, तीच दक्षता सर्व्हरच्या बाबतीतही दाखविली गेली पाहिजे.