‘ब्रॉडकास्ट’ : बियाण्याच्या मुठीतून रेडिओपर्यंत

खताच्या किंवा तणनाशकाच्या माहितीपत्रकावर ‘ब्रॉडकास्ट’ हा इंग्रजी शब्द आपण पाहिला असेल. घरातील शिकणाऱ्या मुलाला अर्थ विचारला तर तो ‘रेडिओवरून प्रसारण करणे’ असे सांगेल. त्याचे उत्तर चुकीचे नाही. परंतु पत्रकातील अर्थ वेगळा आहे आणि तो रेडिओपेक्षा जुना आहे. हा शब्द मूळचा शेतातला आहे. तो नीट न समजल्यास खत वाया जाते, प्रसंगी उभे पीकही हातचे जाते. म्हणून प्रस्तुत लेखात या शब्दाचा उगम व त्याचे शेतीतील अर्थ पाहू.

शब्दाचा उगम

‘ब्रॉड’ म्हणजे रुंद आणि ‘कास्ट’ म्हणजे टाकणे, फेकणे. मुठीत बी घेऊन हात फिरवीत ते रुंद पट्ट्यात फेकणे, म्हणजे ब्रॉडकास्ट. आपल्याकडे यालाच बी फोकणे किंवा फेकून पेरणे म्हणतात. इंग्रजीत हा शब्द अठराव्या शतकात या अर्थाने रूढ झाला. त्याच शतकाच्या प्रारंभी, १७०१ च्या सुमारास, जेथ्रो टल या इंग्रज शेतकऱ्याने ओळीत बी पेरणारे यंत्र तयार केले होते. ओळीतील पेरणी पुढे आली, तेव्हा जुन्या पद्धतीला वेगळे नाव लागले असावे. आपली तिफण आणि पाभर मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून ओळीत पेरत आल्या आहेत.

रेडिओचा शोध लागल्यावर, १९२० च्या सुमारास, एका जागेवरून चहूकडे आवाज पोचविण्याच्या क्रियेला नाव हवे होते. तेव्हा शेतकऱ्याचाच शब्द उसना घेतला गेला. भारतात २३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्रावरून नियमित प्रसारण सुरू झाले. ‘प्रसारण’ या आपल्या शब्दाचा अर्थ पसरविणे एवढाच आहे. इंग्रजी शब्दात मात्र बियाण्याची मूठ लपलेली आहे.

हे दोन्ही अर्थ एकदा एकाच शेतात भेटले. १९६० च्या दशकात तामिळनाडूतील तंजावर भागात ‘एडीटी-२७’ हा भाताचा वाण आला. त्याची माहिती शेतकऱ्यांना रेडिओवरून मिळाली, म्हणून त्यांनी त्याला ‘रेडिओ भात’ असेच नाव दिले.

बियाण्याच्या बाबतीत

फेकून पेरणी वेळ वाचविते, पण बी जास्त लागते. काही बी खोल जाते, काही उघडे राहून पाखरे व मुंग्या नेतात. ओळी नसल्याने कोळपे चालत नाही व सर्व भार खुरपणीवर येतो. म्हणून ज्वारी, सोयाबीन, उडीद, तूर ही पिके पाभरीने ओळीतच पेरावीत. कापसाची टोकण करावी. मेथी, कोथिंबीर, बरसीम आणि हिरवळीच्या खताचा ताग यांना मात्र फेकून पेरणी चालते. बारीक बी असल्यास त्यात कोरडी बारीक वाळू मिसळावी. बियाण्याचे दोन सारखे भाग करून एक भाग उभा व दुसरा आडवा फेकावा, म्हणजे उगवण सारखी होते.

अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील सातपुड्याच्या उतारावर पाभर चालविणे सर्वत्र शक्य नसते. अशा ठिकाणी जेथे जमेल तेथे उताराला आडव्या ओळीत टोकण करावी. बी वाचते आणि पावसाच्या जोराने ते वाहून जाण्याचा धोकाही कमी होतो.

खताच्या बाबतीत

पत्रकात ‘ब्रॉडकास्ट’ असेल तर खत सर्व क्षेत्रावर सारखे फेकून द्यावे. ‘प्लेसमेंट’ असेल तर ते पेरून द्यावे आणि ‘बँड’ असेल तर ओळीलगत पट्ट्यात द्यावे. स्फुरद जमिनीत फारसे हलत नाही. ते वर फेकल्यास मुळांपर्यंत पोचत नाही, म्हणून दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याच्या खाली व थोडे बाजूला पेरावे. युरिया पाने ओली असताना फेकू नये. दाणे पानांना चिकटून पाने करपतात. जमिनीवर उघडा राहिल्यास त्यातील नत्र हवेत उडून जाते, यासाठी लगेच कोळपणी करून तो मातीआड करावा.

तणनाशकाच्या बाबतीत

येथे शब्दाची चूक सर्वांत महाग पडते. ‘ब्रॉडकास्ट’ फवारणी म्हणजे सबंध क्षेत्रावर फवारणी. ‘डायरेक्टेड’ फवारणी म्हणजे पिकाला थेंब न लागू देता फक्त ओळींमधील तणावर फवारणी. सर्व प्रकारची हिरवी झाडे मारणारे तणनाशक उभ्या पिकावर सरसकट फवारले तर तणाबरोबर पीकही जाते. म्हणून पत्रक पूर्ण वाचावे, शंका असल्यास डबा उघडण्यापूर्वी सहायक कृषी अधिकारी किंवा कृषी विज्ञान केंद्राकडे विचारणा करावी.

सल्लाही बियाण्यासारखाच

रेडिओवरील सल्ला हाही फेकून पेरलेल्या बियाण्यासारखाच असतो. तो एकाच वेळी नवापूरच्या भातशेतीत, शहाद्याच्या केळीबागेत आणि धडगावच्या डोंगरउतारावर पडतो. परंतु तिन्ही ठिकाणची जमीन व पाऊस सारखे नाहीत. सल्ला जरूर ऐकावा, पण आपल्या शेताची माती तपासून, पावसाचा अंदाज घेऊन मगच त्याचा अवलंब करावा. ज्या घरी मराठीपेक्षा भिली, पावरी किंवा अहिराणी अधिक बोलली जाते, तेथे वाचता येणाऱ्याने पत्रकातील मजकूर घरातील सर्वांना त्यांच्या बोलीत समजावून सांगावा. दूरवर फेकलेले बी घरच्या मातीत रुजते ते असेच.