आमच्या भूगोल मंडळाचे वर्ष
(इयत्ता चौथी)

आमच्या शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांचे भूगोल मंडळ आहे. जूनमध्ये पहिल्या सभेत गुरुजी म्हणाले, "नकाशा भिंतीवर आहेच. आता आपला गाव मोजा." म्हणून आम्ही वर्षभर मोजत होतो.

पहिल्यांदा पर्जन्यमापक केला. सरळ बाटलीचे तोंड कापून ते नरसाळ्यासारखे उलटे बसवायचे. बाटलीचे बूड खालीवर असते, म्हणून तळाला खडे घालून त्यावर पाणी ओतायचे आणि पाणी जिथे सपाट होईल तिथे शून्याची खूण करायची. वर मोजपट्टीचा कागद चिकटवायचा. नुसता कागद भिजून गळून पडतो हे आम्हांला दुसऱ्याच दिवशी कळलं! मग त्यावर चिकटपट्टी लावली. रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजायचा. हवामान खातेही तेव्हाच मोजते. माझी आजी हसायची. म्हणायची, "अगो, पाऊस काय बाटलीत मावतंय?"

आजीचे खरे झाले. जुलैच्या शेवटी काळू नदीला पूर आला. आमच्या बाटलीत १८ सेंटिमीटरच पाणी मावते. सकाळी ती काठोकाठ भरून वाहत होती. म्हणजे वर्षातला सर्वांत मोठा पाऊस आमच्या वहीत नाहीच. तिथे फक्त "१८० मिलिमीटरपेक्षा जास्त" असे आहे.

ती नोंदवहीसुद्धा थोडक्यात वाचली. ती माझ्या मैत्रिणीकडे असायची, कारण तिचे अक्षर चांगले. तिचे घर नदीकाठच्या आळीत. रात्री घरात पाणी शिरलं तेव्हा सगळे माळ्यावर चढून बसले. दप्तर खालीच राहिले. नंतर तिने वही चुलीपाशी वाळवली. पेनाचे आकडे पसरून गेले, पेन्सिलीचे राहिले.

गुरुजींनी सांगितले की २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. आम्ही पट्टी धरून पाहिले. उभे पाणी माझ्या पोटाच्या वर आले. तेवढे पाणी सगळीकडे पडते आणि मग सखल जागी धावते. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला तर १ लिटर पाणी होते. यावरून आपल्या घराच्या छपरावर किती पडते याचे गणित करून पाहा.

नदीकाठच्या ११ मुलांच्या वह्या भिजल्या होत्या. १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर आम्ही शाळेच्या ओट्यावर रानभाज्या विकल्या. टाकळा, भारंगी, कंटोळी. कंटोळी सर्वांत आधी संपली. ६४० रुपये जमले. वही २० रुपयांना, म्हणजे ३२ वह्या. पण प्रत्येकाला तीन द्यायच्या तर ३३ लागतात. माझी मैत्रीण म्हणाली, "मला दोनच पुरे."

वह्या सर्वांसमोर नावे वाचून द्यायच्या असे आधी ठरले होते. ती मला म्हणाली, "नाव वाचलं तर मी येणारच नाही. मी भाजी पण विकली ना!" हे खरेच होते. कंटोळी तिनेच रानातून आणली होती. मी ते सभेत सांगितले. मग वह्या गुपचूप दप्तरात ठेवायच्या असे हात वर करून ठरले. या लेखातही म्हणून नाव नाही. लिहू का असे मी तिला विचारले आहे.

७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. तो १९४९ पासून पाळतात. ध्वजावर लाल, गडद निळा आणि फिका निळा असे तीन पट्टे असतात, तिन्ही दलांचे. डबा घेऊन आम्ही घरोघर फिरलो आणि ४६३ रुपये जमवले.

थंडीत सावली मोजली. १ मीटरची काठी उन्हात उभी केली. २२ डिसेंबरला सर्वांत लहान सावली ९२ सेंटिमीटर होती. १४ जानेवारीला, म्हणजे भूगोल दिनाला, ८६ भरली आणि २१ मार्चला फक्त ३५. गंमत म्हणजे सर्वांत लहान सावली १२ वाजता पडतच नाही! साडेबारा वाजून गेल्यावर पडते. आपले घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखावृत्तावर लावलेले आहे आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला आहोत. सूर्य आपल्याकडे उशिरा पोचतो.

फेब्रुवारीत सहल कल्याणला गेली. टिटवाळ्याहून लोकलने गेलो. पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले. पण मला दुर्गाडीखालची खाडी जास्त आठवते. पाण्यात झेंडूचा एक हार उलटा, वरच्या बाजूला चालला होता! आम्ही ओरडलो. गुरुजी म्हणाले, "भरती आहे." राजमाचीकडून येणारी उल्हास, आपली काळू आणि भातसा, सगळ्यांचे पाणी इथूनच समुद्राकडे जाते. पावसात नेमकी भरती असली तर ते लवकर उतरत नाही. माझी मैत्रीण बराच वेळ त्या हाराकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणून सकाळपर्यंत पाणी घरातून गेलं नाही."

तिच्या भिंतीवर चिखलाची रेघ अजून आहे. आम्ही मोजली. जमिनीपासून १ मीटर १२ सेंटिमीटर. ज्या पालकांच्या घरी २००५ च्या पुराची खूण असेल त्यांनी ती आम्हांला दाखवावी, आम्ही पट्टी घेऊन येऊ.

येत्या जूनसाठी अर्धा मीटर उंचीचा पर्जन्यमापक तयार आहे. नोंदवही मात्र आता शाळेच्या कपाटात वरच्या फळीवर राहील, आणि आकडे पेन्सिलीने लिहायचे.