ग्राहक काय मागतात? पायथॉनने शब्द मोजून बघा

कोड व्हिडिओत स्क्रीनवर आहेच. इथे त्यामागचा हिशोब समजून घेऊ.

समजा, तुम्ही घरगुती फराळ विकता आणि ऑर्डरी व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात. दिवाळीचा माल भरायचाय. पैसे मोजकेच. मग भाजणी जास्त घ्यायची की बेसन? उत्तराची सुरुवात गेल्या वर्षीच्या चॅटमध्ये आहे.

१. ग्रुपची चॅट मीडियाशिवाय एक्स्पोर्ट करा. साधी टेक्स्ट फाइल मिळते.

२. पायथॉनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ द्या. नाहीतर विंडोजवर मराठीऐवजी भलतीच चिन्हं दिसू शकतात.

३. प्रत्येक ओळीतली तारीख, वेळ आणि नाव काढा. स्वतःचे मेसेज तर आधी वगळा! 'आजची ताजी चकली' ही जाहिरात तुम्हीच ४० वेळा टाकली असेल, तर ती मागणी नव्हे.

४. 'स्प्लिट'ने शब्द सुटे करा, 'स्ट्रिप'ने कडेचे स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्हं काढा. नेटवरच्या कोडमध्ये बरेचदा 'बॅकस्लॅश डब्ल्यू' असतं. मराठीला ते चालत नाही. पायथॉनचं नेहमीचं रेगेक्स मॉड्यूल मात्रा-वेलांटीला अक्षर धरत नाही, त्यामुळे 'शेव'चे 'श' आणि 'व' असे तुकडे होतात.

५. 'कलेक्शन्स' मॉड्यूलमधलं 'काउंटर' शब्द मोजतं. 'मोस्ट कॉमन'ला २० सांगा, पहिले वीस शब्द समोर येतील.

पहिल्या यादीत 'आहे', 'का', 'पाहिजे' हेच वर दिसतील. घाबरू नका. असे शब्द एका यादीत टाकून वगळा आणि परत मोजा. 'चकली', 'चकल्या', 'चकलीची' हे कॉम्प्युटरला तीन वेगळे शब्द वाटतात. त्यांना एका नावाखाली आणा.

आता महत्त्वाचं. 'चकली नको' यातही चकली एकदा मोजली जाते. एकाच ताईंनी पाच वेळा 'चकली कधी मिळेल?' विचारलं, तरी ऑर्डर एकच. म्हणून आकडा बघून थेट माल भरू नका. वर आलेल्या तीन-चार पदार्थांचे मेसेज उघडा, खरे किलो वहीत लिहा, बेरीज करा आणि मगच बाजारात जा.

आणि हो, फाइलमध्ये ग्राहकांची नावं-नंबर असतात. ती कुठल्याही फुकट वेबसाइटवर चढवू नका. पायथॉन तुमच्याच कॉम्प्युटरवर चालतं, तिथेच मोजा.