इंजिनाची टिकटिक : आधी निदान, मग खर्च

गेल्या हिवाळ्यात इंदूर येथील आमच्या शाखेत एक जुने खातेदार 80,000 रुपयांच्या कर्जाची चौकशी करण्यासाठी आले. चोइथराम मंडईत भाजीपाला पोहोचविणारी त्यांची 11 वर्षांची डिझेल पिकअप काही दिवसांपासून टिकटिक असा आवाज करीत होती. "साहेब, इंजिनाचं काम निघालंय," ते म्हणाले. आवाज नेमका कोठून येतो, याचे उत्तर मात्र त्यांच्यापाशी नव्हते. गाडी उभी राहिली की उत्पन्न थांबणार आणि जुन्या हप्त्यात नव्या हप्त्याची भर पडणार, ही त्यांची चिंता होती.

माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. तथापि खर्चाचे कारण समजल्याशिवाय कर्जाचा विचार करू नये, ही आमच्या व्यवसायाची शिस्त आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी एका अनुभवी मिस्त्रींसह आम्ही गाडी पाहिली. मिस्त्रींनी त्या वेळी समजावून दिलेला तपासणीचा क्रम वाहनधारक वाचकांना उपयुक्त ठरेल.

चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी होते. इंजिन मिनिटाला 800 फेरे घेत असल्यास सैल टॅपेटचा आवाज मिनिटाला 400 वेळा येतो. एखाद्या इंजेक्टरचा किंवा एका सिलिंडरच्या एक्झॉस्ट गळतीचा तालही तोच असतो. त्यामुळे केवळ तालावरून दोष ओळखता येत नाही. आवाज केव्हा वाढतो आणि केव्हा ओसरतो, हे पाहावे लागते.

1. ऑईल : गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर 5 ते 10 मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. पातळी खालच्या खुणेच्या खाली असल्यास टॅपेटना पुरेसे वंगण मिळत नाही. पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचेच ऑईल भरावे. ऑईलचा दिवा पेटत असेल किंवा टिकटिकीऐवजी भार वाढताच वाढणारी खोल, जड ठकठक ऐकू येत असेल, तर इंजिन तत्काळ बंद करावे. तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा दोष असू शकतो आणि तेथे मोठा खर्च खरोखरच उद्भवतो.

2. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड : आवाज थंड इंजिनात मोठा, ॲक्सिलरेटर दाबताच अधिक तीव्र आणि इंजिन तापल्यावर क्षीण होत असेल, तर मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर संशय घ्यावा. धातू तापून प्रसरण पावला की फट मिटते. सांध्यापाशी काजळीचा काळा ओघळ दिसतो. हा धूर केबिनमध्ये शिरणे आरोग्यास घातक असल्याने दुरुस्ती लांबवू नये.

3. टॅपेट : वरच्या झाकणाखालून येणारा आवाज इंजिन तापल्यावरही कायम राहिल्यास टॅपेटचे अंतर तपासावे. बहुतेक इंजिनांत हे काम इंजिन थंड असताना, संबंधित सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या अखेरीस सर्वांत वर आणून, फिलर गेजने करतात. हे अंतर मिलिमीटरच्या अंशात असते; नेमका आकडा पुस्तिकेतूनच घ्यावा. केवळ आवाज जावा म्हणून टॅपेट अति आवळणे हानिकारक आहे, कारण व्हॉल्व्ह नीट न बसता जळू लागतो. हायड्रॉलिक टॅपेट असल्यास असे अंतर लावावे लागत नाही. थंडीत सुरुवातीचे काही सेकंद येऊन थांबणारी टिकटिक त्यांत सहसा गंभीर नसते.

4. इंजेक्टर : इंजेक्टरच्या बुडाशी काळा, घट्ट थर साचला असल्यास तेथील वॉशर गळत असल्याचे समजावे. जुन्या पद्धतीच्या पंपावर मिस्त्री एकेका नळीचा नट सैल करून आवाजातील फरक ऐकतात. कॉमन रेल इंजिनावर हा प्रयोग कदापि करू नये. तेथील दाब 1,000 बारपेक्षाही अधिक असू शकतो आणि डिझेलची बारीक धार त्वचा भेदून आत शिरते.

आमच्या खातेदारांच्या गाडीत ऑईल योग्य पातळीवर होते. आवाज थंड इंजिनातच मोठा होता; पंधरा मिनिटांत तो जवळपास नाहीसा झाला. टॉर्चच्या उजेडात तिसऱ्या सिलिंडरपाशी काजळी आणि तुटलेला स्टड दिसला. मिस्त्रींनी तुटका स्टड काढला, मॅनिफोल्ड वाकलेला नाही हे सरळ पट्टी लावून तपासले, नवे पॅकिंग बसविले आणि मध्यभागापासून कडेकडे जात नट ठरलेल्या मापाने आवळले. तिसऱ्या दिवशी गाडी मंडईत गेली. काही हजारांचा खर्च बचत खात्यातून भागला आणि कर्जाचा अर्ज भरण्याची वेळच आली नाही.

शाखेचे एक कर्जप्रकरण कमी झाले खरे; परंतु त्या खातेदारांचा जुना हप्ता आजही वेळेवर जमा होतो. इंजिन उघडण्यास संमती देण्यापूर्वी दोष कोणता, तो कोणत्या तपासणीतून दिसला आणि दुरुस्तीत नेमके काय बदलणार, हे मिस्त्रींकडून लिहून घ्यावे. दुरुस्तीसाठी कर्ज घ्यायचेच झाले, तर हाच कागद बँकेतही आपल्या उपयोगी पडेल.