निळ्या टँगसाठी रिकामी टाकी

चि. बाळास,


तुझा व्हिडिओ आत्याने तीनदा पाहिला. मासा देखणा आहे, पोहतो छान, अंगावर एक ठिपका नाही. शनिवारी त्याला घरी आणून थेट मोठ्या टाकीत सोडायचं तुझं ठरलं आहे. हे पत्र तेवढं थांबवण्यासाठी आहे. आधी काही आठवडे त्याला क्वारंटाईनमध्ये, म्हणजे वेगळ्या रिकाम्या टाकीत ठेवायचं.

निळा टँग, म्हणजे मुलांच्या सिनेमातली डोरी, हा अजूनही बहुतांशी समुद्रातून पकडून आणलेला मासा. टाकीत त्याची पिल्लं पहिल्यांदा वाढवता आली ती 2016 साली, फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांना. प्रवाळावरून तो पकडणाऱ्याच्या पिंपात जातो, तिथून निर्यातदाराच्या हौदात, मग आयातदाराकडे आणि शेवटी दुकानात. प्रत्येक मुक्कामी पाणी दहा ठिकाणच्या माशांमध्ये वाटलेलं असतं. ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रासारख्या ठिकाणी वाढवलेला क्लाऊनफिश असला, तरी दुकानातल्या सामाईक पाण्यात आठवडा काढल्यावर त्याच्याही निरोगीपणाची खात्री उरत नाही. शिवाय टँग जातीची त्वचा नाजूक आणि तिच्यावरचा चिकट थर पातळ, त्यामुळे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग या माशाला इतरांआधी गाठतो.

या रोगाचा जीव एकपेशीय आहे, नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. त्याची चाल समजली की क्वारंटाईनचे दिवस कुठून येतात ते कळतं. माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत शिरून तो तीन ते सात दिवस खातो, फुगतो. मिठाच्या कणासारखा दिसणारा ठिपका तो हाच. पोट भरलं की तो मासा सोडतो, तळाला किंवा दगडाला चिकटतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागत राहतो. एका कवचातून दोनशेच्या वर पिल्लं बाहेर पडू शकतात. बहुतेक कवचं तीन ते अठ्ठावीस दिवसांत फुटतात, पण 72 दिवसांनी फुटल्याचीही नोंद आहे. बाहेर पडलेल्या पिल्लाला एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ते मरतं.

म्हणजे औषधाला वाव आहे तो फक्त पोहणाऱ्या पिल्लांवर. कातडीतला जीव कातडीखाली सुरक्षित, कवचातला कवचात. चौथ्या-पाचव्या दिवशी ठिपके गेले की माणसाला वाटतं, मासा बरा झाला. खरं तर ते ठिपके पिल्लं घालायला खाली उतरलेले असतात.

नऊ वर्षांपूर्वी आत्याने नेमकी हीच चूक केली. पिवळा टँग आणला, दुकानदाराने ‘तीन आठवडे आमच्याकडे आहे, एकदम क्लीन’ म्हणून सांगितलं आणि तिने तो त्याच संध्याकाळी मोठ्या टाकीत सोडला. आठव्या दिवशी दोन ठिपके दिसले, दहाव्या दिवशी नाहीसे झाले. घरात सगळे खूश. विसाव्या दिवशी सगळ्या माशांवर मीठ शिंपडल्यासारखं झालं होतं. सातांपैकी पाच गेले. टाकीत प्रवाळ आणि झिंगे होते, त्यामुळे तांब्याचं औषध घालता येईना. ते अपृष्ठवंशी जिवांना मारतं. उरलेले दोन मासे पकडायला लाईव्ह रॉकचे सगळे दगड बाहेर काढावे लागले आणि मोठी टाकी 76 दिवस माशांशिवाय ठेवावी लागली. तुझ्या टाकीतली क्लाऊनफिशची जोडी चार वर्षांची आहे, आणि आत्याचा जीव सगळ्यात जास्त अडकला आहे तो तिच्यात.

ठिपके निदान दिसतात तरी. व्हेल्व्हेट, म्हणजे अमायलूडिनियम हा दुसरा परजीवी, बरेचदा दिसतच नाही. तो आधी कल्ले धरतो. मासा पंपाच्या धारेत तोंड करून उभा राहतो, उजेड टाळतो, भराभर श्वास घेतो, आणि अंगावर सोनेरी धूळ दिसेपर्यंत अनेकदा उशीर झालेला असतो. त्याच्यावरही तांबंच चालतं. क्लाऊनफिशला होणारा ब्रुकलिनेला मात्र तांब्याला दाद देत नाही. अंगावरून पांढुरका चिकट पदार्थ सुटू लागला तर फॉर्मलिन लागतं. म्हणून एकच बाटली सगळ्या माशांना ओतणारा माणूस कितीही अनुभवी असो, त्याचं ऐकू नये.

आता बाटलीबद्दल, कारण चुका इथेच जास्त होतात. तांबं हे विष आहे. परजीवीला मारणारी मात्रा आणि माशाला इजा करणारी मात्रा यांत अंतर थोडं आहे. त्यात बाजारात तांब्याचे प्रकार वेगवेगळे. साध्या कॉपर सल्फेटची मात्रा लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम, क्युप्रामाइनची 0.5, आणि कॉपर पॉवरची 2.5. कॉपर पॉवरमधलं तांबं दुसऱ्या रेणूंनी धरून ठेवलेलं असतं म्हणून इतकं चालतं. कुणाच्या तोंडून ‘अडीच ठेव’ असं ऐकून कॉपर सल्फेट अडीचवर नेलं तर मासा जाईल. तेव्हा आधी बाटलीवरचं नाव वाचायचं आणि मग त्या प्रकाराला चालणारी टेस्ट घ्यायची. मात्रा तीन-चार दिवसांत हळूहळू चढवायची, रोज मोजायची आणि तीस दिवस तिथेच ठेवायची. मध्ये एक दिवस ती खाली घसरली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. अमोनिया मारणारी द्रव्यं तांब्याबरोबर कधीही घालू नकोस. त्यातल्या काहींमुळे तांबं आणखी विषारी होतं.

डोस ठरवायला टाकीचं नाही, पाण्याचं माप घ्यायचं. साठ बाय चाळीस बाय चाळीसची टाकी कागदावर 96 लिटरची. पाणी पस्तीस सेंटीमीटर भरलं तर ते 84 लिटर. दुकानदार सांगतो तो आकडा पहिला असतो.

क्वारंटाईनच्या टाकीत वाळू नको, दगड नको. दोन्ही तांबं शोषून घेतात. पीव्हीसी पाइपचे दोन-तीन तुकडे, हीटर, झाकण, स्पंज फिल्टर, एवढं पुरे. तुझ्याकडे पुण्यात वीज गेली की हवा बंद, म्हणून सेलवर चालणारा एअर पंप हाताशी ठेव. जाळी, बादली, नळी या टाकीच्या वेगळ्याच. तिच्यात घातलेला ओला हात कोरडा केल्याशिवाय मोठ्या टाकीत जाता कामा नये.

मासा आणताना पिशवीतल्या पाण्याची क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने मोज आणि क्वारंटाईनचं पाणी तेवढंच कर. दुकानदार बरेचदा मीठ कमी ठेवतात. पाणी थेंबाथेंबाने मिसळायला तासभर ड्रिप लावत बसू नकोस. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच खाली गेलेला असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया मासा जाळू लागतो. जितका प्रवास लांबचा, तितकी घाई जास्त.

श्वास नीट असेल तर पहिले दोन-तीन दिवस औषध नको, त्याला खाऊ दे. टँग शेवाळ खाणारा. सुशीसाठी मिळणारी नोरी चालते, फक्त तेल-मीठ लावलेली नको. खाणारा मासा तांबं सोसतो, उपाशी मासा सोसत नाही. तांब्याचे तीस दिवस संपले की चपट्या कृमींसाठी प्राझिक्वांटेल, सात दिवसांच्या अंतराने दोनदा, कारण अंडी पहिल्या डोसात मरत नाहीत. त्या दिवसांत हवा वाढवायची, पाण्यातला ऑक्सिजन उतरतो. सगळं मिळून सहा-सात आठवडे. तुझ्या मोठ्या टाकीतली जागा तोवर कुठे जात नाही.

आत्याच्या टाकीच्या सम्पमध्ये, म्हणजे फिल्टरच्या हौदात, एक जास्तीचा स्पंज वर्षभर पडून आहे. त्यात जिवाणू बसलेले आहेत आणि आत्याच्या टाकीत चौदा महिन्यांत एकही नवा मासा आलेला नाही. शुक्रवारी ठाण्याला येऊन तो घेऊन जा. झाकणाची बादली आण. स्पंज टाकीच्याच पाण्यात बुडवून, सेलवरचा पंप चालू ठेवून न्यायचा. गाडीत तीन-चार तास कोरडा राहिला तर त्यातले जिवाणू मरू शकतात. घरी पोचल्यावर तो आधी नव्या टाकीत लाव, पाणी 26 अंशांवर आलं का बघ, आणि मगच शनिवारी दुकानात जा. तिथे पैसे देण्याआधी दुकानदाराला त्या टँगला तुझ्यासमोर खायला घालायला सांग.

तुझी,
आत्या