सोळा आण्यांतले आठ

सिनेमातल्या अँग्लो-इंडियन माणसांवर पीएच.डी. करायचं ठरलं, तेव्हा आत्याने विचारलं होतं, “म्हणजे हेलन का?” मी हसले होते. सहा वर्षं घासल्यावर वाटतं, आत्याचा प्रश्न माझ्या प्रस्तावापेक्षा बरा होता. या वाटेने येणाऱ्यांसाठी ठेचा खाऊन कळलेलं थोडं लिहून ठेवते.

१. शब्द आधी तराजूत घाला.
प्रस्तावाच्या मराठी सारांशात ‘मिश्रवंशीय’ असं लिहून मी मोकळी झाले. पण लोकांच्या तोंडी तो शब्द नाहीच. ब्रिटिश अमदानीत अँग्लो-इंडियनांना हिणवायला ‘आठ आणे’ म्हणत. रुपया सोळा आण्यांचा, त्यात हे निम्मे. अमेरिकेच्या १८९०च्या जनगणनेत तर ‘क्वाड्रून’ आणि ‘ऑक्टोरून’ अशा नोंदीच होत्या. कृष्णवर्णीय पूर्वजांचा वाटा चार आणे की दोन आणे, हे सरकारी माणसाने दारात उभं राहून ठरवायचं. आणि आपल्याकडे? शरणकुमार लिंबाळे यांच्या १९८४च्या आत्मकथनाचं नावच ‘अक्करमाशी’. तोळा बारा माशांचा, हा अकराचा. तिथे प्रश्न वंशाचा नाही, जातीचा आणि औरसपणाचा आहे. पण तराजू तोच, सोनाराचा. आणि तिन्ही ठिकाणी मोजलं जातं ते किती कमी पडलं, एवढंच.

२. तक्ता बनवताना घाई नको.
माझ्या एक्सेलमध्ये पात्रांसाठी रकाने होते: पेशा, भाषा, पेहराव, दारू पितं का, शेवट काय होतो. ‘ख्रिस्ती नाव + फ्रॉक = अँग्लो-इंडियन’ असं समजून मी भराभर भरत सुटले. ‘बॉबी’मधले (१९७३) ब्रॅगँझा गेले त्यात. ‘अमर अकबर अँथनी’चा (१९७७) अँथनीही गेला! तो जन्माने हिंदू, पाद्रीबाबांनी वाढवलेला, हे गोष्टीचं मूळच. पण रात्री दोन वाजता रकाना भरणाऱ्याला मूळ दिसत नाही. गाइड सरांनी तक्ता पाहिला आणि एवढंच विचारलं, “वसईचे ईस्ट इंडियन कुठे टाकलेस? ते तर घरात मराठी बोलतात.” गोव्याचे, वसईचे, रेल्वे कॉलनीतले, सगळ्यांची सिनेमाने एकच खिचडी केली, अशी तक्रार मी पहिल्या प्रकरणात केली होती. तीच खिचडी तिसऱ्या प्रकरणात मी स्वतः शिजवली होती. चार महिने वाया गेले.

३. प्रश्न इंग्रजीतून उचलून आणू नका.
भुसावळला एका आंटींकडे गेले होते. वय ऐंशीच्या पुढे. मी कागद काढून विचारलं, “पडद्यावरच्या प्रतिमांमुळे तुमच्या अस्मितेवर काय परिणाम झाला?” त्या क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, “अस्मिता कोण गं?”
कागद पिशवीत गेला. मग मी नुसतं विचारलं, ‘ज्युली’ (१९७५) पाहिला होता का? आणि नळ सुटला. त्यातल्या ज्युलीचे वडील रेल्वेत ड्रायव्हर, आंटींचे डॅडीही ड्रायव्हर. “सिनेमात ड्रायव्हरच्या घरी सारखी बाटली नि नाच. आमच्याकडे ड्यूटीला बोलवायला कॉलबॉय पहाटे तीनला दार वाजवायचा. डॅडी झोपले असले की आम्हाला मोठ्याने हसायची चोरी. स्टोव्हसुद्धा हळू पेटवायचा.” स्टोव्हला हळू पंप मारून दाखवला त्यांनी, हवेतच. माझ्या तक्त्यात ‘झोप’ असा रकाना नव्हता.

४. पात्राइतकंच सोंग घेणाऱ्याकडे पाहा.
हे मला फार उशिरा सुचलं, आणि प्रबंधातलं मला अजून आवडणारं प्रकरण हेच. ‘ज्युली’त अँग्लो-इंडियन आई झाली नादिरा, बगदादी ज्यू घराण्यातली. अपर्णा सेन यांच्या ‘३६ चौरंगी लेन’मधली (१९८१) एकाकी शिक्षिका व्हायोलेट स्टोनहॅम झाली जेनिफर केंडल, ती इंग्रज. ‘भवानी जंक्शन’ची (१९५६) नायिका हॉलिवूडची एव्हा गार्डनर.
मग खऱ्या मिश्र घरांतल्या बायका काय करत होत्या? बाकी सगळं होत होत्या. रंगूनला जन्मलेली, ब्रह्मी आईची हेलन ‘हावडा ब्रिज’मध्ये (१९५८) चिनी पेहरावात नाचली. म्हणजे आत्याचा प्रश्न बरोबर होता, फक्त उलट्या बाजूने. आणि मर्ल ओबेरॉन? १९११ साली मुंबईत जन्मलेली ही बाई जन्मभर टास्मानियाची म्हणून वावरली. पडद्यावर काळ्या-गोऱ्यांचे संबंध दाखवायला हॉलिवूडच्या आचारसंहितेची बंदी असण्याचे ते दिवस. खरं सांगणं परवडणारं नव्हतं. तिला खोटारडी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. १९३९च्या ‘वुदरिंग हाइट्स’मध्ये ती कॅथी झाली, यॉर्कशरची गोरी मुलगी. समोर हीथक्लिफ. एमिली ब्राँटेच्या कादंबरीत हा सावळा पोरगा. कुणी त्याला लास्कराचं, म्हणजे हिंदी खलाशाचं पोर समजतं. ते काम केलं लॉरेन्स ऑलिव्हिएने! मुंबईची मुलगी गोरी बनून उभी आणि गोरा इंग्रज काळवंडून तिच्यासाठी झुरतोय. मी ते दृश्य थांबवून थांबवून इतकं पाहिलं, की आईने चिडून लॅपटॉप मिटला.

५. कायदा वाचा, मग स्वतःचा दाखला काढून पाहा.
राज्यघटनेच्या ३६६(२) कलमात अँग्लो-इंडियनची व्याख्या आहे. युरोपीय पूर्वज हवा, तो बापाच्या बाजूने. आई गोरी असून भागत नाही. लोकसभेतल्या त्यांच्या दोन नेमणुकीच्या जागा जानेवारी २०२०मध्ये संपल्या, व्याख्या मात्र तशीच आहे. हे कलम मी मिटक्या मारत फाडून काढलं. नंतर कशाला तरी शाळा सोडल्याचा दाखला लागला. माझे वडील माळी, आई सारस्वत. दाखल्यावर एकच जात. कुणाची, ते सांगायला नको. तिसाव्या वर्षापर्यंत मला त्यात काही खटकलं नव्हतं.

६. रेकॉर्डर बंद करायला सांगितला, तर बंद करा.
आंटींनी आल्बम उघडला तेव्हा सांगितला. आजीच्या फोटोबद्दल त्या बराच वेळ बोलल्या. त्यातलं प्रबंधात काही नाही, इथेही नाही. बॉल करी आणि नारळाच्या दुधातला पिवळा भात जेवूनच उठायचं, असा हुकूम झाला. कृती मी लिहून घेतली, मुलाखतीच्या टिपणांच्या वहीत, मागच्या पानावर.