जंतूची ओळख त्याच्या चरबीवरून

वस्तीत थुंकीची डबी देताना आम्हाला हमखास विचारतात, "ताई, एवढ्याशा बेडक्यात टीबीचाच जंतू आहे हे कळतं कसं?" प्रश्न रास्त आहे.

थंडीत खोबरेल थिजते, शेंगदाणा तेल पातळ राहते. कारण दोन्हींतली फॅटी ॲसिडे वेगळी. जंतूंचेही तसेच. प्रत्येक जातीच्या आवरणात फॅटी ॲसिडांचे प्रमाण ठरलेले असते. मोठ्या प्रयोगशाळेत जंतू वाढवतात, त्यांची फॅटी ॲसिडे वेगळी काढतात आणि गॅस क्रोमॅटोग्राफी यंत्रात कोणते किती आहे ते मोजतात. तो आलेख माहीत असलेल्या जंतूंच्या आलेखांशी ताडून पाहतात. मात्र जंतू ठरलेल्या अन्नावर, ठरलेल्या तापमानालाच वाढवावे लागतात. नाहीतर चरबी बदलते आणि ओळख चुकते.

टीबीच्या जंतूची चरबी तर फारच निराळी. आपल्या तेलातल्या साखळ्या बहुतेक 16 ते 18 कार्बनच्या. याच्या मायकोलिक ॲसिडात 70 ते 90 कार्बन. त्याचा मेणासारखा लेप जंतूवर असतो. म्हणून साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही तो ओळखता येतो. काचपट्टीवर बेडका पसरून लाल रंग देतात, तापवतात, मग आम्लाने धुतात. इतर बहुतेक जंतूंचा रंग निघून जातो, याचा टिकतो. शेवटी निळा रंग दिला की निळ्यात लाल काड्या दिसतात.

जंतू थोडे असले तर मात्र ही तपासणी चुकू शकते. म्हणून डॉक्टर सीबीनॅटसारखी जनुकीय तपासणी सांगतात, तीही करून घ्या.

टीबीच्या उपचारातली आयसोनियाझिड ही गोळी हेच मायकोलिक ॲसिड बनू देत नाही. लेप नाही तर जंतू जगत नाही. पण दोन महिन्यांत खोकला थांबला म्हणून गोळ्या सोडणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. उरलेले जंतू पुन्हा वाढतात, औषधाला दाद न देणारे बनू शकतात, आणि मग उपचार लांबतो, जीवही धोक्यात येतो.

म्हणून लक्षात ठेवा :

- दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासा. तपासणी व औषध मोफत आहे.
- सकाळी चूळ भरून, खोल श्वास घेऊन, छातीतून खाकरून बेडका द्या. नुसती लाळ चालत नाही.
- साध्या टीबीचा उपचार साधारण 6 महिने असतो. डॉक्टर सांगेपर्यंत एकही गोळी चुकवू नका.

सासरी कळेल म्हणून बाईने खोकला लपवू नये. टीबी हा जंतूचा आजार आहे, कुणाचा दोष नाही.